चार बोटांवरची रेघ

घावट्यांच्या घरातला कुठलाही मोठा निर्णय घरात बसून कधी झालेला नाही. हौसरावांनी विणकामाची पहिली मशीन घ्यायचं ठरवलं ते शिरूरच्या एसटी स्टँडवर उभ्या उभ्या. विश्वजीतचं लग्न ठरलं ते मार्केट यार्डात, कांद्याच्या गोणीवर बसून. आणि आता स्वेटरची शेड ठेवायची की कुरिअरच्या गोडाऊनला देऊन टाकायची, हा निकाल लागणार होता दौंड तालुक्यात, राहूच्या अलीकडं, नीलमच्या भावाच्या गुऱ्हाळावर. तोही भर दुपारी, पेटत्या चुलवाणाच्या तोंडाशी. शहाण्या माणसांनी असं करू नये, पण घावट्यांना शहाणं कोण म्हणतंय?

गाडीत पुढं विश्वजीत आणि त्याचे वडील हौसराव बसले होते. मागं विश्वजीतची बायको नीलम, लेक अनुपमा आणि खिडकीशी दगडाआत्या. ही हौसरावांची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर, आणि जिभेला वय नाही. बाविसाव्या वर्षी सासर सोडून आली ती शेडमध्ये सुई घेऊन बसली, अजून उठलेली नाही. नागसेन मोटरसायकलवर मागून येत होता. शेडमधल्या मशिनी गेली तीस वर्षं त्याच्याच हाताला ओळखत होत्या, दुसऱ्या कुणी हात लावला की हटून बसायच्या.

"आबा, एकदा नक्की सांगा," न्हावरा गाव मागं पडल्यावर विश्वजीत म्हणाला. "गोडाऊनवाल्या शेठला तुम्ही व्हय म्हणलात का न्हाई?"

"म्हणलो की."

"आन् अनूला?"

"तिलाबी व्हय म्हणलो. पोरीला न्हाई कसं म्हणायचं?"

"मग मला काय म्हणलात?"

"तुला म्हणलो, तू म्हणशील तसं." हौसरावांनी काच खाली केली आणि बाहेरच्या उसाकडं बघत बसले. "मी कुणाला दुखवत न्हाई बाबा."

"दादा, तुझ्या या न दुखवण्यानं सगळं घर आजारी हाय," दगडाआत्या मागून म्हणाली. नीलमनं पदर तोंडाला लावला.

भांडण तसं सरळ होतं. शाळांच्या स्वेटरचं काम हळूहळू आटलं होतं. विश्वजीतचं म्हणणं, शेड देऊन मोकळं व्हावं. अनुपमा इचलकरंजीहून कापडाचं इंजिनिअरिंग शिकून आली होती. ती दोन वर्षं नागसेनच्या जोडीनं त्याच शेडमध्ये एक कापड विणत होती, सणसवाडीच्या कारखान्यांतल्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांच्या जॅकेटसाठी. तीन थर, पण एकाच मशीनवर एकदमच विणून निघणारे. आतला थर घाम ओढून घेणारा, वरचा थर जाळ न पकडणाऱ्या सुताचा, आणि मधे दाट उभे धागे, ब्रशाच्या केसांसारखे. त्या धाग्यांत हवा कोंडून राहते आणि खरं काम ती हवाच करते, असं अनू ज्याला त्याला सांगायची.

"जाळापुढं टिकतं म्हणतीस ना? मग जाळापुढं दाखव," असं विश्वजीतनं चार दिवसांपूर्वी सुनावलं होतं. "टिकलं तर तपासायला लॅबला धाड, शेड तुझी. न्हाई टिकलं तर सोमवारी शेठला चावी, आन् तू तिरुपूरची नोकरी धर."

तिरुपूरचं पत्र अनूच्या पर्समध्ये होतं. दगडाआत्यानं ते पाहिलं होतं. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण तिरुपूर कुठं आहे ते तिनं नागसेनला विचारून घेतलं होतं. पार तामिळनाडूत, म्हणजे पोरगी दिवाळीला आली तर आली. हे कळल्यापासून म्हातारीला जेवण गोड लागत नव्हतं.

पण आज तिचा चेहरा हसरा होता. कारण तिनं काल एक काम करून ठेवलं होतं आणि ते कुणाला माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं. अनूनं जॅकेट तिच्या हातात देऊन सांगितलं होतं, "आत्याआजी, फक्त कडा दुमडून दे. मधे कुठं सुई लावू नकोस हं." एवढं सांगून पोरगी कसल्याशा पट्ट्या आणायला सणसवाडीला गेली. दगडाआत्यानं कडा दुमडल्या. मग जॅकेटची पाठ दोन बोटांत धरून चोळून बघितली. वरचा थर इकडं सरकला, खालचा तिकडं. अरे देवा! तीन थर एकावर एक आणि वर धावदोरा नाही? नवरीला मुंडावळ्यांशिवाय बोहल्यावर उभी करावी तसलाच प्रकार. पन्नास वर्षांत तिच्या हाताखालून शेकडो गोधड्या गेल्या होत्या, पण मोकळ्या थरांची एकही नव्हती. चार बोटांवर एक ओळ, हा तिचा नेम. पोरगी शिकलेली आहे, पण पोरगीच आहे, असं म्हणून तिनं निळ्या कापडाशी जुळता निळा दोरा ओवला आणि दुपारभर बसून सगळी पाठ घट्ट आवळून काढली. टाके असे की विणीत बुडून गेले. शेवटी कॉलरखाली आपली खूण म्हणून एक तिरकी फुली घातली. वाळत टाकलेल्या पन्नास गोधड्यांत दगडाबाईची कुठली, हे त्या फुलीवरून अख्ख्या शिरूरला कळायचं.

आता पोरगी जिंकणार आणि कुणाच्या टाक्यानं जिंकली ते आपल्यालाच ठाऊक, या खुशीत म्हातारी पारगावचा पूल येईपर्यंत गुणगुणत होती.

गुऱ्हाळावर ज्योतिबानं, म्हणजे नीलमच्या भावानं, आधी सगळ्यांच्या हातात रसाचे पेले दिले. मोठ्या लोखंडी काहिलीत रस खदखदत होता. खाली चुलवाणात खंडू वाळक्या चिपाडांचे भारे कोंबत होता आणि प्रत्येक भाऱ्याला जाळ बाहेर येऊन बघून जात होता.

"दाजी, नुसत्या जॅकेटासाठी एवढी वरात?" ज्योतिबा म्हणाला.

"तुझ्या भाचीला विचार," विश्वजीत म्हणाला. "माणसाला हवेनं वाचवती म्हणं."

अनूनं जॅकेटच्या आत, पाठीला, वरपासून खालपर्यंत तीन पांढऱ्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. "ठरावीक उष्णता पोचली की ही पट्टी तिथं काळी पडते," ती म्हणाली. "पांढरी राहिली तर आतलं माणूस सुखरूप."

जॅकेट घातलं खंडूनं. बारा वर्षं जाळ घालणारा माणूस, चुलवाणाच्या तोंडाला पाठ करून आरामात उभा राहिला. हौसरावांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. पाच मिनिटं ठरली होती. पहिल्या मिनिटाला खंडू हसला. दुसऱ्याला त्यानं खांदा उडवला. तिसऱ्याला तो नाचायलाच लागला.

"खंडू, काय होतंय?" अनूनं विचारलं.

"ताई, बाकी बरं हाय, पन पाठीवर कुनीतरी तापल्या पट्टीनं रेघा आखतंय बगा!"

"काढ, काढ लगेच!"

जॅकेट उलटं करून बाजेवर पसरलं आणि सगळी डोकी त्याच्यावर वाकली. तिन्ही पट्ट्यांवर आडव्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. एक रेघ, मग पांढरं, मग पुन्हा रेघ. वरपासून खालपर्यंत, अगदी मोजून.

"नापास," विश्वजीत म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, पण त्यानं खिशातून फोन काढलाच.

दगडाआत्यानं चष्मा पुसला. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून आपली चार बोटं दोन रेघांच्या मधे ठेवली. बरोबर बसली. खाली पुन्हा ठेवली. बसली. ती मुकाट्यानं मागं सरकली आणि रसाचा पेला उचलून तोंडाला लावला. पेला रिकामा होता.

अनू कापडाकडं बघत होती. "एवढ्या सारख्या अंतरावर? म्हणजे विणतानाच काहीतरी झालंय. मशीन प्रत्येक फेऱ्याला मधला थर दाबतेय." तिचे डोळे भरून आले. "दोन वर्षं, नागसेनकाका, आणि मला हे दिसलं कसं नाही?"

"मी सांगतच हुतो," विश्वजीत म्हणाला. "मशीन म्हातारी झाली. भंगारात घालायची चीज ती."

"साहेब, मशीनला बोल लावू नका." नागसेन पुढं आला. हेल्मेट अजून त्याच्या हातात होतं. "मशीन चांगली हाय. सुताचा ताण मीच धरला हुता. त्या दिवशी माझं लक्ष नसंल. चूक माझी हाय, ताईंची न्हाई."

दगडाआत्या त्याच्याकडं बघत राहिली. तीस वर्षांत या माणसाच्या हातून एक फेरा चुकला नव्हता, आणि तो खोटं बोलत होता. पोरीला वाचवायला बोलत होता. आपण मात्र खरं गिळून रिकामा पेला चाटतोय. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. बोलावं तर पन्नास वर्षांचं नाव जाणार. दगडाबाईच्या टाक्यात खोट निघाली, असं आजवर सासूसुद्धा म्हणाली नव्हती. न बोलावं तर पोरगी तिरुपूरला, नागसेन घरी आणि शेडमध्ये कुरिअरची खोकी.

"हॅलो, शेठ?" विश्वजीत फोनवर म्हणत होता. "व्हय, सोमवारचं नक्की समजा..."

"इश्वा, ठेव तो फोन!"

म्हातारीचा आवाज एवढा चढला की काहिलीवरचा माणूस ढवळायचा थांबला. विश्वजीतनं फोन कापला. त्याला इश्वा म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

"नागसेन, तू खोटं बोलू नगंस. तुझा ताण चुकला न्हाई आन् मशीनबी चुकली न्हाई." तिनं पदर खोचला. "माझा हात चुकला. मी धावदोरा घातलाय त्याला."

चुलवाणात चिपाडं तडतडत होती.

"कशाला?" अनूनं विचारलं.

"आगं, थर हलत हुते. मला बघवंना. म्हणलं, गोधडीवानी बसवून टाकू."

"आत्याआजी, मी तुला सांगितलं होतं! स्पष्ट सांगितलं होतं, मधे सुई लावू नकोस म्हणून!" अनू एवढी मोठ्यानं ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. या म्हातारीवर ती आजवर कधी ओरडली नव्हती. "प्रत्येक टाक्यापाशी मधला थर चेपला, हवा निघून गेली, तिथून जाळ सरळ आत! दोन वर्षं मी ती हवा सांभाळतेय, आणि तू ती शिवून टाकलीस?"

"टाकली," दगडाआत्या म्हणाली. "मला वाटलं तुझं चांगलं हुईल. न विचारता चांगलं करायची खोडच हाय मला. आता मार मला."

यावर विश्वजीतला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळं पोट हलायला लागलं. "आबा, ऐकलंत का? भट्टीवरच्या जॅकेटाची गोधडी केली हिनं!" हौसरावही हसायला लागले, नागसेननं तोंड फिरवलं. अनू तेवढी हसत नव्हती. ती टाके शोधत होती.

"निघतील का गं?" नीलमनं विचारलं.

"निघतील. मधले धागे स्प्रिंगसारखे असतात. दाब गेला तर परत उठायला पाहिजेत."

"मग बघता काय?" नीलमनं बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि बाजेवर बसली. "बसा सगळी."

"तू कुणाच्या बाजूनं हायस?" विश्वजीतनं बायकोला विचारलं. "गाडीत बसेपर्यंत तर माझ्या हुतीस."

"पोरगी तिरुपूरला गेली म्हंजी वरसातनं दोनदा दिसंल, हे आत्ता ती रडली तवा माझ्या डोक्यात शिरलं," नीलम पिनेनं टाका उचलत म्हणाली. "तुमच्या बाजूला कुणी न्हाई आता. आबा तर कुणाच्याच न्हाईत."

"मी सगळ्यांच्या हाय," हौसराव म्हणाले.

मग बाजेभोवती घावट्यांचं सगळं घर टाके उसवायला बसलं. दगडाबाईचे टाके म्हणजे गंमत नव्हे, एकेका ओळीला घाम फुटत होता. नागसेन धागा ओढायचा, अनू कापड हलकेच चोळायची. थोड्या वेळानं विश्वजीतला राहवेना. त्यानं हात पुढं केला आणि सरसर तीन ओळी मोकळ्या केल्या. लहानपणी चुकलेले स्वेटर उसवायचं काम त्याच्याकडंच असायचं, आणि शिकवणारी होती ही आत्याच. बोटं विसरली नव्हती.

"कॉलरकडची ओळ मी काढते," दगडाआत्या म्हणाली आणि जॅकेट स्वतःकडं ओढून घेतलं.

ओळी निघाल्या, पण चेपलेल्या जागा तशाच पडून होत्या. अनूचा चेहरा पुन्हा उतरला. नागसेननं काहिलीकडं बघितलं.

"ताई, शेडमधी आपन काय करतो? इणलेलं कापड बसलं की वाफ देतो. हितं तर वाफंचा डोंगर हाय."

दोघांनी जॅकेट दोन बांबूंवर ताणून उकळत्या रसाच्या वर धरलं. पांढऱ्या वाफेत ते दिसेनासं झालं, बाहेर आलं तेव्हा त्याला काकवीचा वास येत होता. उन्हात वाळल्यावर अनूनं पाठीवरून तळवा फिरवला. मग घाईनं दगडाआत्याचा हात धरून तिथं ठेवला. एकही खड्डा लागत नव्हता. म्हातारीनं डोळे मिटून पुन्हा चाचपलं आणि पहिल्यांदाच तिला कळलं की हे कापड गोधडी नाही. ते श्वास घेतंय, आणि आपण काल त्याचा गळा आवळत होतो.

नव्या पट्ट्या लागल्या. खंडूनं हात जोडले. "मालक, मला माफी करा. माजी पाठ एकच हाय."

"मी घालते," दगडाआत्या म्हणाली. "चूक माझी, उभीबी मीच ऱ्हाते."

"आत्या, येडी का खुळी तू?" विश्वजीत ओरडला.

"बाजूला हो. तुझ्या लहानपणापासनं तुझं ऐकलं न्हाई, आता काय ऐकती?" ती खरंच बाही चढवायला लागली.

"आण इकडं ते!" विश्वजीतनं जॅकेट तिच्या हातातून हिसकावलं. त्याच्या पोटावर जॅकेटची चेन लागेना, पण परीक्षा पाठीची होती. तो चुलवाणाला पाठ करून उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, जणू ग्रामपंचायतीच्या फोटोला. ज्योतिबानं खंडूला खूण केली आणि खंडूनं आपल्या पाठीचा सगळा राग चिपाडांवर काढला. जाळ भडकला.

एक मिनिट झालं. दोन झाली. नीलमनं दादल्याकडं बघायचं सोडून चुलवाणाकडं पाठ केली. दगडाआत्यानं अनूचा हात एवढा घट्ट धरला की पोरीला सोडवता येईना.

"इश्वा, रेघा उमटत्यात का रं?"

"गप बस, आत्या."

"काहीतरी सांग की मेल्या!"

"घाम येतोय," विश्वजीत म्हणाला. "न्हाई... आला हुता. गेला कुठं?"

"झाली पाच," हौसराव म्हणाले.

"थांबा." विश्वजीत हललाच नाही. "आजून जरा बघू."

आठ मिनिटांनी नीलमनंच त्याला ओढून बाजूला घेतलं. जॅकेट बाजेवर उलटं पडलं. डावी पट्टी पांढरी. उजवीही. मधली खालपासून बघत गेलं तर पांढरी, पांढरी, पांढरी, आणि अगदी वर, कॉलरखाली, एक काळा ठिपका. मोठ्या मोहरीएवढा.

"ह्यो बघा!" विश्वजीत म्हणाला, पण सवयीनं म्हणाला, जोर नव्हता.

अनूनं कापड उचलून डोळ्याला लावलं. नखानं खरवडलं. मग तिनं हळूच मान वर केली आणि आत्याआजीकडं बघितलं. दगडाआत्या काहिलीत गूळ कितपत आला ते फार मन लावून बघत होती.

"आत्याआजी, ही फुली कुणाची?"

"कुठली फुली?"

"आत्याबाई," नीलम म्हणाली.

"आगं, ती माझी खूण हाय!" म्हातारी एकदम रडायलाच लागली. "सगळे टाके काढले. तेवढी काढवंना मला. म्हणलं, एका टाक्यानं काय हुतंय?"

"हे होतंय," अनू म्हणाली आणि इतका वेळ दाबलेलं हसू तिच्यातून उसळून आलं. ती म्हातारीच्या गळ्यात पडून हसत होती, की रडत होती, तिलाही सांगता आलं नसतं. "आजी, अगं, सगळी पाठ पांढरी आणि काळं तेवढं तुझ्याच टाक्याखाली! याहून चांगला पुरावा मला लॅबनंसुद्धा दिला नसता."

विश्वजीत त्या ठिपक्याकडं बराच वेळ बघत उभा होता. त्याचा फोन वाजला. मघाशी अर्ध्यात कापलेला शेठ होता.

"हां, शेठ. न्हाई, सोमवारी येऊ नका." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "न्हाई, दुसऱ्या कुणाला न्हाई दिली. घरातच लागतीय. का म्हंजी? आवो, आठ मिनटं जाळाला पाठ दिली, पाठीला पत्ता न्हाई! तुम्हाला फोनवर न्हाई कळायचं ते."

त्यानं फोन खिशात टाकला आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "लॅबला कवा धाडायचं?"

"मी म्हणलो न्हवतो?" हौसराव म्हणाले. त्यांनी नक्की काय म्हटलं होतं हे कुणीच विचारलं नाही.

अनूनं पर्समधून छोटी कात्री काढली. ती स्वतः फुलीकडं वळली, मग थांबली आणि कात्री दगडाआत्याच्या हातात दिली. म्हातारीनं चष्मा नीट केला. बावन्न वर्षांत तिनं आपली खूण कधी कापली नव्हती. तिनं कात्रीचं पातं दोऱ्याखाली सरकवलं. कट्ट झालं. निळ्या दोऱ्याचे दोन तुकडे तिनं बोटावर गुंडाळून कनवटीला लावले.

"मग आता माझी फुली कुठं घालू?" तिनं विचारलं. आवाज लहान झाला होता.

"कडेला," अनू म्हणाली. "प्रत्येक जॅकेटच्या कडेला. ते कुणाचं आहे, हे लोकांना कळायला नको?"

दगडाआत्यानं नाक पुसलं, बाजेवर बसली आणि पिशवीतून सुई काढली.

"आण मग. पन मला कुनी घाई करायची न्हाई."